नावं

गंगापूर रोड, तिसरा मजला.
लीसे आल्यापासून
आमच्या घराला रोज नावं ठेवली जातायत:
पिवळ्या चिठ्ठ्या. दार. आरसा. पोळपाट.
फ्रिजवर काय लिहायचं
यावरून मल्हार नि हे अर्धा तास भांडले.

निफाडला पारा चारवर, आम्ही कानटोप्यांत,
आणि ही एस्टोनियाची पोर
खिडकी उघडी टाकून झोपते.
सकाळी प्रत्येक पोळीला थँक्यू.
पाचव्या दिवशी मी हसत म्हटलं,
अगं, थँक्यू तरी कमी कर.
तिला कळलं फक्त ‘कमी कर’.
दोन दिवस एकाच पोळीवर उठली,
आणि मला वाटलं, भाजी तिखट होतेय.

मल्हारनं उलगडलं तेव्हा
तिच्याच चिठ्ठ्यांतली एक घेतली,
तिच्या ताटाखाली सरकवली: जेव.
जोडाक्षरं तिला अजून येत नाहीत.
तिनं बोट ठेवून वाचलं, दोनदा.
चौथी पोळी मागितली. थँक्यू नाही.

आज कुकरच्या वाफेनं ‘खिडकी’ गळून पडली.
परत लावली, जराशी तिरकी.

माझ्यावर मात्र तिनं अजून काही चिकटवलेलं नाही.
काकू, मावशी, की आणखी काही
ठरत नसेल.
जोडाक्षर तर
एकातही नाही.