उशिरा दिलेला खो

दांडिया बाजाराच्या मागच्या मैदानात
चैत्रातल्या एका संध्याकाळी
पाचव्या चौकोनात बसली होती वैदर्भी फणसे, पाठ माझ्याकडे.
मी धावत आले, तळवा तिच्या पाठीवर टेकवला,
खो म्हटलं.
ती उठली नाही.

आधी आम्ही हसलो.
ऋजुला म्हणाली, झोपली वाटतं, काल गणितापायी जागली असेल.
मग ती कुशीवर कलंडली, अगदी हळू,
भिंतीला टेकवलेलं दप्तर कलंडतं तशी.

पुढचं सगळं सांगते, कारण पुढचं सगळं चुकलं.
कोणी तोंडावर पाणी मारलं.
कोणी चप्पल हुंगवली, फिट असेल म्हणून.
सेवउसळवाला गाडी सोडून कांदा फोडत आला.
हवा येऊ द्या, हवा येऊ द्या, असं ओरडत
सगळे आणखी जवळ सरकले.
ती मध्येच घोरल्यासारखी करायची.
आम्हाला वाटलं, श्वास आहे, म्हणजे बरं आहे.
तो श्वास नव्हता.
हे मला सात महिन्यांनी कळलं.

उशिरा खो दिला तर पंच शिट्टी मारतो.
शिट्टी खानविलकर सरांच्या गळ्यातच होती,
ते तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले होते,
आणि त्यांचे हात
हात कुठे ठेवायचे हे त्यांनाही माहीत नव्हतं.
एकशेआठ आली अकराव्या मिनिटाला.

शाळेच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
घरात कोणाला हृदयविकार? अचानक मृत्यू?
तिने लिहिलं होतं, नाही. गोल, सुबक अक्षरात.
धाकटे काका चोविसाव्या वर्षी महीत बुडाले होते.
पट्टीचे पोहणारे. नदीने ओढलं, असं फणस्यांकडे म्हणायचे,
मग त्या रकान्यात नदी कशी लिहिणार?
आणि थंडीत दोनदा धावता धावता
तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला होता.
उपाशी होते गं, म्हणाली.
ग्लुकोजचा पुडा मीच आणून दिला, दोन्ही वेळा.
सरांना सांगू नकोस म्हणाली.
नाही सांगितलं.

दिवाळीनंतर अँब्युलन्सवाल्या हंसाबेन सोलंकी आल्या
बिनपायांचा एक रबरी माणूस काखोटीला मारून.
सरांनी आम्हाला पाटीवरच बसवलं, सामन्यात बसतो तसं.
हाक मारा. उत्तर नाही, श्वास धड नाही,
तर एकाने फोन, एकाने शॉकचं मशीन आणायला पळायचं,
आणि एकाने इथे, छातीच्या मधोमध.
कोपर ताठ. पाच सेंटिमीटर खोल.
मिनिटाला शंभर ते एकशेवीस,
आणि दर वेळी छातीला पूर्ण वर येऊ द्यायचं.
बीश नहीं बेटा, हंसाबेन म्हणाल्या,
बरगडी मोडली तर जुळते.

मागे, बुटांच्या रांगेपाशी, वैदर्भीचे बाबा उभे होते.
बँकेतून थेट आलेले, खिशाला पेन.
मी करून पाहू?
बूट काढले. बसले. दाबायला लागले.
तीस झाले. साठ झाले.
हंसाबेन म्हणाल्या, बस, सरस.
ते थांबले नाहीत.
पेन उडून मातीत पडलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
मैदानात कोणी खोकलंसुद्धा नाही.
दोन मिनिटांनी माणूस बदला, हंसाबेन कोणाकडेच न बघता म्हणाल्या,
थकलेले हात खोल जात नाहीत.

सर उठले नाहीत. कोणीच उठेना.
मी गेले.
मागून, नियमाप्रमाणे,
घामाने भिजलेल्या त्या शर्टावर तळवा ठेवला.
खो, काका.

ते उठले.
खो देणाऱ्याने त्याच जागी बसायचं असतं.
मी बसले.
रबर अजून गरम होतं.
एक, दोन, तीन, चार