जाड कापडाची शिवण

अंबडच्या शेडमध्ये अकरा वर्षं
मी गाड्यांच्या सीटा शिवल्या.
वर रेक्झिन, खाली फोम, त्याखाली कॅनव्हास.
तिन्ही थर एकदम घ्यायचे
तर सुई अठरा नंबरची, टाका लांब,
आणि हात सावकाश.
म्हणून टेबलावर, पडद्याच्या अलीकडे,
कमरेखालचं काहीच माझं उरलं नव्हतं तेव्हा
मी नुसत्या कानांनी मोजत होते
किती थर झाले, किती राहिले.

"चरबी खूप आहे," कुणीतरी म्हणालं,
गोदामात म्हणतात तसं, की माल ओला आलाय.

त्याआधी भूलवाल्या डॉक्टरांनी
बोटांनी चाचपत पाठीचा मणका शोधला.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा म्हणाले, "सॉरी ताई."
मीपण म्हटलं, सॉरी.
का म्हटलं, ते अजून कळलेलं नाही.

मग एक आवाज आला, नवाकोरा, चिडलेला,
आणि माझ्या गालाला ओला गाल लागला.
चार किलो शंभर.
तिच्या वजनाचं मात्र
सगळ्या वॉर्डाला कौतुक.

चौथ्या दिवशी विलासने पट्टा आणला,
दुकानातला सगळ्यात मोठा.
खोक्यावर एक बाई हसत होती,
पोट नसलेली, बाळही नसलेली.
वेलक्रोची दोन टोकं समोरासमोर थांबली,
मधे चार बोटं मी शिल्लक.
"बदलून आणतो," तो म्हणाला.
"कशाशी?" मी विचारलं.
हसू आलं, आणि हसताना टाक्यांतून
जे गेलं ते सांगता येत नाही,
उशी पोटाशी घट्ट धरून दोघं गप्प बसलो.

सिडकोत घरी आले तर डिसेंबर,
पवननगरच्या खोलीत सगळ्या फटींना चिंध्या.
कानाला स्कार्फ, पायात मोजे, खाटेखाली ओव्याची धुरी.
बाळंतिणीला वारा लागू नये, आई म्हणे,
आणि तिच्या मऊ सुती पातळाने
दोन वेढे देऊन मला बांधी.

दहाव्या दिवशी पातळाला ओल दिसली.
डावीकडच्या कोपऱ्यात, पोटाच्या घडीखाली,
जिथे मला स्वतःला दिसत नाही,
शिवण बोटभर उसवली होती.

सिस्टर गावितांनी पाहिलं. ओरडल्या नाहीत.
मीच म्हटलं, मारा की परत दोन टाके.
"वरून शिवलं तर आत सडतं, बाई.
बुडापासून भरत येऊ दे.
कोरडं ठेव. हवा लागू दे."

तेव्हापासून रोज दुपारी
दोन्ही हातांनी मी माझं पोट उचलून धरते.
इतकी वर्षं ओढणीखाली, गाऊनखाली,
फोटोत दुसऱ्यांच्या मागे ठेवलेलं हे वजन
पहिल्यांदा हातात घेऊन पाहिलं.
गरम आहे. पिठाच्या गोळ्यासारखं सैल.
याला मी कधी कुणाला
उजेडात पाहू दिलं नव्हतं.

विलास मोबाईलची बॅटरी धरतो.
पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरला,
दुसऱ्या दिवशी नाही.
"काल होती त्याहून कमी," म्हणतो, किंवा
"आज तेवढीच आहे."
खोटं बोलत नाही, एवढंच मला पुरतं.

आई आठ दिवस रुसून
डिंक कुटत राहिली.
काल विलास सेकंड शिफ्टला गेला,
माझे हात भरून आले, पोट सुटू लागलं,
तर ती उठून आली.
पदर खोचला. माझे हात बाजूला केले,
आणि एका हाताने अलगद उचलून धरलं,
लहानपणी आंघोळीला धरायची तसं.

दुसऱ्या हाताने ते पट्ट्याचं खोकं
फाडून सपाट केलं,
आणि वारा घालू लागली.
हसरी बाई वर, खाली, वर, खाली.

"जोरात नको," मी म्हटलं,
"पोरगी उठेल."