मनगट

सकाळी पावणेसहाला मी लोकांच्या शिरा शोधते.
बिबवेवाडी, सहकारनगर, पद्मावती.
स्कूटीच्या डिकीत बर्फाचा डबा, लाल-जांभळ्या टोपणांच्या नळ्या.
मूठ आवळा. आता सोडा.
दिवसाला वीस मनगटं माझ्या हातातून जातात,
म्हणून माझं मनगट कुणी धरलं तेव्हा
आधी कळलंच नाही, की हे कामातलं नाहीये.

जिना अरुंद होता. दुसरा मजला, दिवा गेलेला.
तो म्हणाला, बसा ना, घाई काय.
सुटले कशी, ते विचारू नका.
बर्फाचा डबा पायऱ्यांवरून गडगडत गेला,
खालचं कुत्रं भुंकलं. एवढंच.
सहा जणांचं रक्त त्या दिवशी वाया गेलं.
लॅबने माझ्या पगारातून कापलं.

मग मी शोधायला निघाले.

बाणेरला काचेमागे एक मुलगा
गालाला माइक लावून ओरडत होता: डोळे! गळा! जांघ!
तीन महिन्यांचं पॅकेज, वर टी-शर्ट फुकट.
मी रबरी पुतळ्याला मारलं. बरं वाटलं.
रात्री त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.
पुतळ्याला चेहरा नव्हता,
आणि मला तिथं कुणाचाही बसवता येत होता.

कसब्याकडच्या एका तालमीत
मुली लाठी फिरवत होत्या, हवा फाटत होती.
वस्ताद बापू नेवाळे म्हणाले, आधी मातीला हात, मग कपाळाला.
माती कुणाची बाजू घेत नाही.
हे वाक्य मी घरी आणलं.
पण लाठी स्कूटीच्या डिकीत मावत नाही, बापू.
ते रागावले नाहीत. चहा पाजला.

एका ठिकाणी नुसतंच ध्यान होतं.
राग सोडा, म्हणाले, क्षमा करा.
मी चपला घालून बाहेर आले.

तुंगारे बाई भेटल्या त्या रक्त देताना.
वय सदुसष्ट, साखर काठावर,
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काडतुसं मोजलेली.
सुई जाताना लोक मान फिरवतात. त्या बघत होत्या
माझ्या अंगठ्याकडे, तो मी कसा दूर ठेवते ते.
म्हणाल्या, कुणी धरलं होतं का गं?

तळजईच्या पायथ्याशी, शाळेच्या हॉलमध्ये
बाई आयकिडो शिकवतात, शनिवार-रविवार.
आधी झाडू मारायचा. सगळ्यांनी.
एक वकील आहेत, त्यांनीही.
मग गाद्यांना नमस्कार, मग समोरच्याला,
म्हणजे जो आत्ता आपल्याला आपटणार आहे त्याला.
मी विचारलं, हे अध्यात्म आहे की मारामारी?
बाई म्हणाल्या, तू शीर शोधतेस ते काय असतं?

पहिले चार महिने नुसतं पडणं.
हनुवटी छातीशी, खांदा गोल, श्वास बाहेर.
नवरा म्हणाला, पैसे देऊन आपटून घेतेस?
हो म्हटलं. फुकट आपटून झालंय.

मग मनगट.
धरा, बाई वकिलांना म्हणाल्या. घट्ट.
जिना आला. गेलेला दिवा आला. मी गोठले.
आवळू नकोस गं,
तू आवळलंस की त्याला धरायला काहीतरी मिळतं.
आणि मला माझाच आवाज ऐकू आला,
रोज वीस दारांतला: आता सोडा.
मूठ उघडली. कोपर खाली आलं.
वकील गुडघ्यावर, हसत होते,
मी रडत होते, त्यांचा हात गच्च धरून.
सोड, बाई म्हणाल्या. तेही शिकायचंय.

क्षमा मी केलेली नाही. विचारलं तर सांगते.
त्या इमारतीचं काम दुसऱ्या मुलीच्या गळ्यात पडू दिलं नाही,
भांडून बंद करवलं.
आणि पळण्यात लाज नाही, बाई सांगतात,
पहिला डाव तोच.

आज पहाटे सुईला घाबरून एका आजोबांनी
माझा हात पकडला.
मी थांबले. त्यांच्या श्वासाबरोबर माझा सोडला.
शीर वर आली.