मरळीचं पातं

ढाब्यावरच्या इरफाननं निरोप धाडला,
मरळ पाहिजे, काटा नको. एकही नको.
हायवेवरनं येणारी माणसं
गाडीची चावी टेबलावर ठेवून जेवतात,
काटा लागला की बिलावरून भांडतात.

बावीस वर्षं मी इळीवर मासे केले.
पाटावर पाय, बोटांना राख,
कटल्याचं मुंडकं एका हिसक्यात.
इळीला आडवं कापता येतं,
कण्याच्या कडेकडेनं चालता येत नाही.

म्हणून माजलगावला आले, बाजाराच्या दिवशी.
भांड्यांच्या दुकानात पोरगा म्हणाला,
"मावशे, ह्यो घे, धारच जात न्हाई."
आरशासारखा होता. त्यात मला माझा पडका दात दिसला.
टोक अंगठ्यावर टेकवून दाबलं,
वाकलं, आणि वाकलेलंच राहिलं
नव्या सरपंचासारखं.
दुसरा वाकेचना.
दोन्हींची मूठ प्लास्टिकची, गुळगुळीत.
मरळीची बुळबुळ लागली की असली मूठ
कुणाचीच राहत नाही.
माझी करंगळी अशीच गेली.
अजून मिटत नाही; चहाचा कप धरला
तरी पाहुणीसारखी बाजूला बसते.

मोंढ्यामागं घिसाड्यांची पालं.
नवरा सांडशी धरतो, शेषाबाई घण घालते.
"कशाला पायजे?"
काट्यावरनं मास उतरायला.
तिनं ट्रकच्या पाट्याचा सुरा बाजूला सारला.
"ह्यो बोकडाचा. ह्याला ऐकू येत न्हाई."
पोत्याखालनं आरागिरणीचं जुनं पातं काढलं.
"लिंब, बाभळ कापून कापून दमलंय.
आता वाकंल."

रुंदी बोटाएवढी मागितली,
लांबी वीत आणि वर दोन बोटं,
टोकाकडं निमुळती होत गेलेली,
मुठीपाशी एक टाच, हात घसरला तर थांबायला.
मूठ बाभळीची, लय तासू नको,
वर सायकलच्या ट्यूबची पट्टी.
"तुला समदं ठावं हाय," ती म्हणाली,
"मंग इतकी वर्सं कुठं होतीस?"

लाल पात्याला तिनं पाणी नाही पाजलं, तेल पाजलं.
पाण्यानं लय कडक हुतंय, म्हणाली,
आन कडक झालं की मोडतंय.
नवऱ्याकडं बघून म्हणाली, की पात्याकडं,
धुरात नीट दिसलं नाही.
तीनशे सांगितले.
अडीचशे आणि एक रोहू, पुढच्या बाजारी.

घरी दगडावर पाणी शिंपडून
तिन्हीसांजेपर्यंत घासत बसले.
मग दीड किलोची मरळ.
कल्ल्यामागं टोक घातलं,
पातं कण्याला टेकलं आणि बोलायला लागलं,
टक, टक, टक,
एकेक बरगडी मोजत शेपटीकडं.
डोळ्याला काही दिसत नव्हतं, मनगटाला कळत होतं.
आख्खी बाजू ओल्या धडप्यासारखी
हातावर आली.

काटा उजेडात धरला.
कंगवाच. पलीकडचा चुलीतला जाळ दिसला त्यातनं.
आणि पोटात गोळा आला.

आमच्या घरात मुंडकं आणि काटाच शिजतो.
चव तिथंच असते म्हणत आलो,
आणि असतेच,
पण काट्याला काहीतरी चिकटलेलं तर पाहिजे.

मासा उलटा केला.
दुसऱ्या बाजूला मी मनगट केसभर उचललं.
पातं लगेच वाकलं, काही न विचारता,
कण्यापासून जरा वरनं चालायला लागलं.
टकटक बंद.
इरफाननं काटा नको म्हटलंय, काटा नाही.
आणि त्याच्या तराजूचा काटा
एवढ्या तेवढ्यानं हलत नाही.

रात्री रेणुका काटा चोखता चोखता थांबली,
दिव्याकडं धरून उलटा सुलटा केला.
"माय, ह्या माशाला
एकाच अंगानं मास हाय की गं."