तलंगा

चाकणच्या बाजारातून पाच तलंगा आणल्या
केळ्यांच्या खोक्यात, बाजूंना भोकं पाडून.
टमटमवाला दिघीपर्यंत गप्प होता.
मग म्हणाला, मावशी, तुमचं खोकं शिंकलं.

लोहगावात, आमच्या परसात, आधीच्या चार:
कलेक्टरीण, पिठी, लंगडी,
आणि एक, जिला नाव ठेवायचं राहून गेलं;
नावं मात्र रोज ठेवते मी तिला,
अंडं घालते शेजारी, नानेकरांच्या टायरात.

पंधरा दिवस नव्यांना मोरीमागे ठेवलं.
डोळे पाहिले, शीट पाहिली,
पंखाखाली उवा आहेत का ते चष्मा लावून पाहिलं.
मग मधे जाळी, जुन्या कूलरची,
तारेनं आवळली पेरूच्या बुंध्याला.
इकडे एक वाटी, तिकडे एक.
म्हटलं, बघून घ्या एकमेकींना पोटभर,
बघायला पैसे पडत नाहीत.

कलेक्टरीण आली. मान वाकडी करून
एकेकीला एका डोळ्यानं तपासलं,
रेशनकार्डावरची नावं तपासावीत तसं.
मग पाठ फिरवून धुळीत लोळली,
अशी, की धूळ जाळीपलीकडेच जावी.

साडेनऊला सुखोई जातं
आमच्या पत्र्यावरून, फडताळातली भांडी वाजवत.
पाचही जणी जमिनीला चिकटल्या,
पाय पोटाखाली, डोळे बाहेर यायचे बाकी.
पलीकडे लंगडीनं तेवढ्यात एक गांडूळ ओढलं.
मानसुद्धा वर केली नाही.

पुष्पलता कुंपणावरून म्हणाली,
सोड की आता, सुनांना काय कुणी जाळीत ठेवतं?
मी काही बोलले नाही.
तिच्या सुनेचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळतात.
तिसरं वर्ष.

जाळीला एकवीस दिवस झाले, त्या रात्री
दिवा न लावता एकेकीला उचललं.
अंधारात कोंबडी म्हणजे
हातात नुसतं वजन, ऊबदार,
भांडण विसरलेलं.
दांडीवर बसवल्या, जुन्यांच्या मधे मधे.
पिठीनं सरकून जागा दिली.
झोपेत दिली, पण दिली.

उजाडलं तशी ओरड.
दोरीला कोबीचा गड्डा टांगला, लक्ष उडावं म्हणून,
वाट्या तीन केल्या,
पळून लपायला एक पत्रा तिरका लावला.
तरी धाकटीचा तुरा रक्ताळलाच,
जेमतेम बोटाच्या पेराएवढा तुरा.
लाल दिसलं की त्या आणखी टोचतात,
म्हणून वरून जांभळं औषध फासलं.

शाळेत आमच्या डोक्यात खवडे झाले
की हेच औषध फासायचे,
आणि मग बाकावर शेजारी कुणी बसत नसे.

दोन दिवस ती पेरूखाली उभी,
जांभळ्या डोक्यानं.
मी हातावर कण्या घेऊन बसले,
गुडघा आखडेपर्यंत.
खाल्ल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

बाकीच्या चौघींचं जमत गेलं आपोआप.
टोचणं आहे, पण आता हिशोबाचं:
कलेक्टरीण पिठीला, पिठी लंगडीला,
लंगडी पहिली सापडेल तिला.
जाळी काढून ठेवली माळ्यावर,
फेकली नाही.

परवा नानेकरांनी हाक मारली,
अहो, टायरात आज दोन आहेत.
गेले बघायला.
नाव नसलेली बसलेली अंड्यावर, फुगून,
आणि तिच्या बगलेशी, रबराच्या वळणात,
एक जांभळं डोकं.

नेमके साडेनऊ.
पत्रे थरथरले. नानेकरांनी वर पाहिलं,
चाळीस वर्षं इथं राहून मीही पाहिलं.
त्या दोघी
माझ्या हाताकडे बघत होत्या.