घोडा

दिघोरीच्या पुढे, बंद पडलेल्या मंगल कार्यालयात
सकाळी साडेपाचला क्लास भरतो.
भिंतीवर थर्माकोलची जुनी अक्षरं:
'चि. सौ. कां.' एवढंच उरलंय,
पुढची नवरी गळून पडली.

मी एक्कावन्न वर्षांची, ब्लाउज शिवणारी,
उजवा खांदा आखडलेला.
डॉक्टर म्हणाले, व्यायाम. झुंबाची फी ऐकून
चौकातूनच परत फिरले होते.
खोब्रागडे सर म्हणाले,
"पैशाचं राहू द्या बाई. कमरपट्टे शिवता येतात का?"

तर माझी फी म्हणजे बावीस कमरपट्टे,
काळे आणि लाल, दुहेरी शिलाई.
स्वतःचा शिवला नाही अजून.

सर रेल्वेत होते, अजनीला, पार्सल ऑफिसात.
मधे खडगपूरला बदली झाली, तेव्हा रविवारी कलकत्त्याला जायचे.
तिथे एक म्हातारा चिनी, जोडे शिवणारा,
दुकानामागच्या बोळात त्यांना शिकवायचा.
दोघांची भाषा जुळत नव्हती.
"अकरा महिने त्यानं मले नुसतं उभं ठेवलं," सर सांगतात,
"मले वाटलं, बुढा विसरला."

घोडा म्हणजे असं:
पाय खांद्याहून रुंद, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ,
हात पोटापुढे, कोहळा धरल्यासारखे.
आणि खाली घोडा नाही.
पहिल्या दिवशी मी चौदा श्वास टिकले.
बाजूचा निहाल, वय वर्षे नऊ, म्हणाला,
"काकू, तुमचे पाय शिलाई मशीन चालवून राह्यले."
खरंच. हवेत पायडल मारत होते मी.

मला मारायला शिकायचं होतं, खोटं कशाला बोलू.
रात्री झोपताना एका चेहऱ्याचं माप घ्यायचे.
सर म्हणायचे, "मारता कायले? पहिले उभं राहा.
अन् पडाचंच असलं तं कसं पडाचं, ते शिका."

मे महिना आम्ही पडण्यात घालवला,
पंगतीच्या जुन्या सतरंज्यांवर.
वर पत्रा, सहालाच तापलेला.
एक हात आहे, ढग सारायचा.
मेच्या नागपुरात ढग कुठले,
मी आपली अस्तराचं कापड पसरायचे पाटावर,
सुरकुती काढत, डावीकडून उजवीकडे.
एके दिवशी हात कानाच्या वर गेला.
घरी येऊन फळीवरचा डबा काढला,
ठेवला, परत काढला.
आत काय आहे तेही विसरले होते.

जूनमध्ये दीर आला, कागद घेऊन.
घर नवऱ्याच्या नावाचं, नवरा भिंतीवर.
"वहिनी, इथं सही."
म्हटलं, वाचून करते.
त्यानं मनगट धरलं, टेबलाकडे ओढलं.
तोच चेहरा. तेच माप.

मी काही केलं नाही.
साडीतल्या साडीत पाय रुंद झाले,
गुडघे वाकले, श्वास पोटात उतरला.
तो ओढत राहिला.
टेबल सरकलं, कात्री खाली पडली.
श्वास मोजायचे विसरले.
मग जिकडे ओढ होती तिकडेच कंबर जराशी वळली
आणि त्याचा हात रिकामा होता.
तो तळव्याकडे बघत म्हणाला,
"असं काहून करते वहिनी?"
कागद ठेवून जा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, सगळं, कात्रीसकट.
ते माझ्या पायांकडे बघत होते.
"गुडघा आत गेल्ता का?"
"डावा. थोडा."
"मंग दुखन. तेल लावा."

दुखतोय.
कागद मशीनपाशी आहे, बॉबिनच्या डब्याखाली.
चौथं पान कळत नाही,
निहालची आई तहसीलला आहे, तिला विचारीन.
आज तीन ब्लाउज द्यायचेत.
लाल कापड उरलंय, एक पट्टी कापून ठेवली,
पण कमरेला किती लागेल ते मोजायचं राहतंय.
साऱ्या दिघोरीची मापं पाठ आहेत मला.