काठावरून

कंपूतलं थिएटर, ऑक्टोबर, सकाळचे आठ.
शितोळे डॉक्टरांनी नवा चष्मा चढवला
आणि माझं सव्वीस वर्षांचं वाचन थांबलं.

मास्कच्या वर मी त्यांचे डोळे वाचत आले :
उजवी भुवई हलली की आर्टरी,
पापण्या सावकाश मिटल्या की टाके.
आता काचेत नुसता हिरवा उजेड.
त्यांना म्हणे मांसाआडचं हाड दिसतं,
पिन कुठून, किती अंशात,
सगळं रेघ आखून.

मला दिसतो रामसेवक कुशवाह,
तीस हिवाळे गजक कुटून
वाटीतून निसटलेला त्याचा खांदा.
भूल चढताना विचारत होता,
"सिस्टर, जाड़ों तक हथौड़ा उठेगा ना?"
हे चष्म्यात कुणी भरलेलं नाही.

मधेच काच धुरकटली.
डॉक्टर थांबले. हात वर,
निर्जंतुक, निरुपयोगी.
नीलोफर मागून पुसायला गेली, तर
चष्मा घसरला नाकावर
आणि काठावरून ते डोळे :
जागरणाचे, किंचित भ्यालेले, माझ्या ओळखीचे.

भुवई हलली.
मी न विचारता आर्टरी दिली.

मग चष्मा वर, हिरवा उजेड परत.
पिन पहिल्याच खेपेला बसली, खोटं का बोलू.

हथौड्याचं डिसेंबरात कळेल.